शिबा नखं कापू देत नाही: दर वेळची तीच रड आणि तिच्यावरचा उपाय

खणातून नखं कापायची कात्री काढल्याचा नुसता आवाज झाला, की शिबा, म्हणजे शिबा इनू या जपानी जातीचा कुत्रा, सोफ्याखाली. ओढून बाहेर काढला आणि पंजा हातात घेतला, की किंकाळी. साधं केकाटणं वेगळं आणि हे वेगळं. तान्ह्या बाळानं टाहो फोडावा तसा उंच, ताणलेला आवाज निघतो आणि शेजारपाजारचे चौकशीला येतात. कात्री अजून नखाला टेकलेलीही नसते. मग दोघं धरतात, तिसरा कापतो, तीन-चार नखं कशीबशी होतात, कुत्रा निसटतो किंवा दात दाखवतो, आणि "राहू दे, पुढच्या वेळी बघू" म्हणत कात्री परत खणात जाते. पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून, आणखी वरच्या पट्टीत.

कात्री बदलून झालेली असते, ग्राइंडर (नखं घासायचं यंत्र) आणून झालेला असतो, खाऊचं आमिष दाखवून झालेलं असतं, ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांची नखं-केस करून देणारा, तोही बदललेला असतो. तरी गाडी तिथेच अडते. कारण नखं कापायच्या प्रत्येक प्रसंगात कुत्रा एक गोष्ट पक्की शिकत असतो: मान वळवली, पाय मागे घेतला, ओठ चाटले तर कोणी ढुंकून बघत नाही, किंचाळलं की मात्र सगळे थांबतात. हे उलटवायचं तर नखं कापणं आणि हात लावू द्यायची सवय लावणं ही दोन कामं आधी एकमेकांपासून तोडावी लागतात. माझ्या मते शिबाच्या बाबतीत हाच खरा उपाय आहे. बाकी कात्री कुठली, खाऊ कुठला, या पुढच्या गोष्टी.

आधी दुखणं आहे का ते बघा

"पहिल्यापासून किंचाळतो" आणि "हल्ली किंचाळायला लागला" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पिल्लू असल्यापासून चारही पायांना हात लावू न देणारा शिबा बहुधा घाबरलेला असतो. पण आजवर निमूट पाय देणारा कुत्रा अचानक एकाच पायावरून ओरडत असेल, तर सवयीबियीचं बाजूला ठेवा आणि तो पाय पशुवैद्याकडून तपासून घ्या. उभं चिरलेलं नख, मुळाशी आलेली सूज, बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ, तळव्याच्या गादीला पडलेली चीर, यातलं काहीही असू शकतं आणि शिबाच्या दाट केसांत ते वरवर पाहून दिसत नाही.

या जातीत त्वचेची ॲलर्जी बऱ्याच कुत्र्यांना असते. पंजे सारखे चाटणं ही तिची नेहमीची खूण. चाटून चाटून बोटांमधले फिकट केस थुंकीने तांबूस होतात, खालची कातडी लालसर आणि ओलसर राहते. अशा पायाला बोट लागलं तरी झोंबतं. तिथे कितीही खाऊ दिला तरी उपयोग नाही. आधी खाज आटोक्यात आणायला हवी.

फक्त मागच्या पायांवरून तंटा असेल तर गुडघ्याकडे लक्ष द्या. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास दिसतो आणि शिबाही त्याला अपवाद नाही. असा कुत्रा चालता चालता मधेच दोन-चार पावलं मागचा पाय उचलून लंगडी घालतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चालू लागतो. नखासाठी त्याचा पाय बाजूला ओढला की गुडघ्याला पीळ बसतो. पाय नेहमी शरीराच्या रेषेत, सरळ मागे आणि जमिनीपासून चार बोटंच वर घ्यायचा. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत सांध्यांचा त्रास गृहीतच धरा.

एक गोष्ट नखांशी संबंध नसताना सांगतो. पायाला हात लावू देणारा शिबा डोक्याला किंवा चेहऱ्याला मात्र हात लावू देईनासा झाला, एक डोळा लाल, धुरकट किंवा अर्धवट मिटलेला दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिबाला काचबिंदूचा धोका इतर अनेक जातींपेक्षा जास्त असतो आणि त्यात दृष्टी झपाट्याने जाऊ शकते.

शिबाच असा का?

जपानच्या सहा देशी जातींमधला हा सगळ्यात लहान. नर खांद्याशी ४० सेंटिमीटरच्या आसपास, मादी ३७, वजन साधारण ८ ते १० किलो. पण मांडीवरचा कुत्रा म्हणून तो घडलेला नाही. डोंगरातल्या झाडोऱ्यात पक्षी आणि लहानसहान जनावरं हुसकावून काढणं हे त्याचं मूळ काम. शिकाऱ्याच्या पुढे राहायचं, दाट झुडपात आपलं आपण ठरवायचं, दर पावलाला मागे वळून परवानगी मागायची नाही. परदेशी कुत्र्यांशी संकर होऊन जपानमधल्या देशी जाती विरळ होत गेल्या, तेव्हा त्या टिकवण्यासाठी १९२८ साली निहोन केन होझोनकाई, म्हणजे निप्पो, ही संस्था उभी राहिली. १९३६ मध्ये शिबाला नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे दुसरं महायुद्ध आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या साथीने संख्या फारच घटली. शिनशू, मिनो आणि सानइन अशा तीन भागांतल्या वंशांतून जात पुन्हा उभी केली गेली. आजच्या कुत्र्यांत शिनशू वंशाचा वाटा मोठा आहे. जातीची कसोटी लिहिणाऱ्यांनी अंगाच्या बांध्याबरोबर स्वभावही लिहून ठेवला: धीट आणि तडफदार, मनाने चांगला, वागण्यात साधा. कोणी कसंही उचलावं, उलटंपालटं करावं आणि त्याने हूं की चूं करू नये, असली अपेक्षा त्यात कुठेच नाही.

२००४ मध्ये ८५ जातींची जनुकीय तुलना झाली, त्यात लांडग्याला सगळ्यात जवळच्या ठरलेल्या मोजक्या जातींत शिबा होता. एवढ्यावरून "म्हणून तो नखं कापू देत नाही" असं म्हणता येणार नाही, आणि शांतपणे पंजा हातात देणारे शिबाही आहेत. पण हा कुत्रा स्वतःच्या अंगाबद्दल फार जागरूक असतो हे शिबा पाळणारा कोणीही सांगेल. चिखलात पाय पडला तर तो स्वतः बसून चाटून साफ करतो. झोपेत कोणी कुरवाळलं तर उठून दुसरीकडे जाऊन पडतो. आपण होऊन जवळ येईल तेव्हा येईल. ओढून जवळ घेतलेलं त्याला खपत नाही.

याला "हट्टी" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. हट्टी म्हटलं की पुढची पायरी आपोआप जबरदस्तीची होते, आणि शिबावर जबरदस्ती करून हे काम एकदा होतं, दुसऱ्यांदा अवघड होतं आणि तिसऱ्यांदा हातावर टाके पडतात.

समस्या पुन्हा पुन्हा का येते

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो, जिव्हाळी. नख वाढतं तशी तीही पुढे सरकते. कटकट नको म्हणून आपण दोन महिने टाळाटाळ करतो, तेवढ्यात जिव्हाळी पुढे आलेली असते, आणि मग "एकदाच काय ते नीट आखूड करू" म्हणून कापायला बसलं की नेमकी तिलाच कात्री लागते. रक्त येतं, कुत्र्याला खरोखरच दुखतं, त्याची भीती खरी ठरते. पुढची टाळाटाळ आणखी लांबते. नखं दर आठवड्याला किंचित किंचित घासली किंवा कापली तर जिव्हाळी हळूहळू मागे हटते. म्हणजे शरीराच्या हिशेबानेही थोडं-थोडं आणि वारंवार हेच बरोबर आहे. स्वभावाच्या हिशेबानेही तेच.

दुसरं कारण खाऊचं. बहुतेक जण खाऊ आधी देतात. तुकडा नाकासमोर धरायचा, तो खाण्यात गुंतला की पटकन पंजा पकडायचा. लॅब्राडॉरसारख्या खादाड कुत्र्यावर हे काही दिवस चालून जातं. शिबाच्या ते दोनदाच लक्षात येतं, आणि मग उकडलेलं चिकन दिसलं की तो उठून जातो, कारण चिकन म्हणजे मागोमाग कात्री हे त्याने ओळखलेलं असतं. क्रम उलटा हवा. आधी स्पर्श, मग खाऊ. स्पर्श संपला की खाऊही संपला. पायाला हात लागणं ही चांगली बातमी वाटली पाहिजे, आणि बातमी ही घटनेच्या आधीच यायला हवी.

तिसरं, सगळी अठरा नखं एका बैठकीत कापायचा अट्टहास. पुढच्या पायांची आतल्या बाजूची दोन धरून शिबाला साधारण अठरा नखं असतात. एकाच दिवशी सगळी झाली पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

नखं आधीच वाढलेली असतील तर

सवय लावायला आठवडे लागतात, कधी महिनेही. नखं तोवर थांबून राहणार नाहीत. सपाट जागी उभा असताना नख जमिनीला टेकून बोट वर किंवा बाजूला ढकललं जात असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. आतल्या बाजूचं नख तर जमिनीला लागतच नाही, त्यामुळे झिजत नाही. ते गोल वळून कातडीत रुतलेलं मी पाहिलं आहे.

अशा वेळी पशुवैद्याशी बोलून औषध देऊन नखं कापून घेणं हा सरळ मार्ग आहे. त्यात कमीपणा मानू नका. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोनसारखी औषधं दवाखान्यात यायच्या आधी घरीच द्यायला सांगतात. जास्त घाबरणाऱ्या कुत्र्याला दवाखान्यात गुंगीचं इंजेक्शन देतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांसाठीचं गॅबापेंटिनचं पातळ औषध घरात असेल म्हणून देऊ नका, त्यात झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्यांना विषारी असतो. गोळीचा परिणाम कसा होतो हे एखाद्या निवांत दिवशी आधी पाहून ठेवता आलं तर उत्तम. तसं डॉक्टरांना विचारा. एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटंच सुचवलं गेलं तर मात्र दुसरा काही पर्याय आहे का, एवढं जरूर विचारा. त्याने अंग सुस्तावतं, पण भीती कमी होतेच असं नाही.

गुंगी द्यायच्या आधी रक्त तपासलं तर एक गोष्ट लक्षात असू द्या. शिबाच्या तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा लहान असू शकतात आणि तेच त्याचं स्वाभाविक असतं, अकिता या दुसऱ्या जपानी जातीप्रमाणे. काही शिबांच्या या पेशींमध्ये पोटॅशियमही जास्त असतं, त्यामुळे नमुना बराच वेळ तसाच पडून राहिला तर अहवालात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. डॉक्टरांच्या पाहण्यात शिबा फारसे आले नसतील तर हे त्यांच्या कानावर घातलेलं बरं.

हे सक्तीचं काम नेहमी वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाकडून, वेगळ्या अवजाराने करून घ्या. घरी ज्या चटईवर तुम्ही सवय लावणार, तिथे आणि त्या कात्रीने एकदाही जबरदस्ती व्हायला नको. आणि दवाखान्यात किंवा ग्रूमरकडे जाताना अंगात नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला. शिबाची मान जाड आणि डोकं त्या मानाने निमुळतं. घाबरून मागे सरकला की साध्या पट्ट्यातून तो अलगद सुटतो, आणि दार उघडं असेल तर हाक मारून परत येणारी ही जात नव्हे.

सवय लावायची ती अशी

टेबलावर चढवू नका, मांडीत दाबून धरू नका. जमिनीवर एक चटई टाका, तुम्ही शेजारी बसा, समोर नको. वाकून अंगावर येणारा माणूस शिबाला आवडत नाही. खोलीचं दार उघडं ठेवा. तो उठून गेला तर जाऊ द्या, मागून हाका मारू नका. दोन मिनिटांनी परत येईल, नाही आला तर आजचं काम संपलं. जाता येतं हे कळल्यावरच तो थांबायला लागतो. पहिले काही दिवस हे बघवत नाही, पण दम धरा.

खाऊ बारीक चिरलेला, वाटाण्याएवढा, आणि एरवी न मिळणारा. एकदा स्पर्श, एक तुकडा. खांद्यापासून सुरुवात करा, पंजापासून नको. खांद्याला हात, खाऊ. कोपराशी हात, खाऊ. मनगटाशी, खाऊ. एका दिवसात खांद्यापासून कोपरापर्यंतच पोचलात तरी हरकत नाही. बैठक दोन-तीन मिनिटांची, आणि तो अजून "आणखी?" म्हणून बघत असतानाच उठायचं.

पुढे जायचं की थांबायचं हे शेपटी सांगते. जागा आणि निर्धास्त शिबा शेपूट पाठीवर गुंडाळून किंवा विळ्यासारखी वर धरून उभा असतो. हात कोपराखाली गेला आणि गुंडाळी सैल पडली, शेपटीचं टोक कंबरेखाली घसरलं, की तिथेच थांबा. किंकाळीला अजून पाच-सहा पायऱ्या बाकी असतात, पण पहिली ही. (पेंगुळलेल्या कुत्र्याचीही शेपूट सुटते, म्हणून बाकीचं अंगही बघा.) त्यानंतर कान मागे किंवा आडवे होतात, जीभ नाकावरून फिरते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, तोंड घट्ट मिटतं, आणि मग तो अगदी स्तब्ध होतो. ही स्तब्धता फसवी. "बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय" म्हणून लोक नेमकी याच क्षणी कात्री चालवतात. खाऊ घेताना तो बोटांना ओरबाडून घेत असेल, तर त्यालाही ताण समजा.

पंजा हातात घेणं जमलं की एकेक बोट हलकेच दाबा, नख पुढे काढा, सोडा, खाऊ. मग कात्री. ती नुसती चटईवर पडलेली असू द्या; तिच्याकडे बघितलं, खाऊ. मग हातात घ्या. मग नखाला टेकवा, कापू नका. आवाजासाठी एक युक्ती उपयोगी पडते: न शिजवलेली स्पॅगेटीची काडी पंजाजवळ धरून कात्रीने कापायची. तोच "कट्" आवाज, पण पायाला काही होत नाही. ग्राइंडर वापरायचा असेल तर तो दुसऱ्या खोलीत चालू करून सुरुवात करा आणि दिवसागणिक जवळ आणा. आवाज सोसवला तरी नखाला बसणारी थरथर वेगळी असते, तिची सवय स्वतंत्रपणे लावावी लागते. घुर्र करणाऱ्या यंत्रापेक्षा चांगली धार असलेली कात्री शिबाला लवकर पचते असं मला वाटतं. बोथट कात्री मात्र नख आधी चेपते आणि मग कापते. दुखतं ते त्या चेपण्याने.

काही कुत्र्यांना हनुवटी टेकवण्याची सवय फार चांगली लागते. घडी घातलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकलेली आहे तोवर तुम्ही हात लावणार, उचलली की हात काढणार. कुत्र्याला "थांब" म्हणायची जागा मिळते आणि त्याला किंचाळायची गरज उरत नाही. तो हनुवटी उचलेल आणि तुम्ही "एवढं एक नख होऊ दे" म्हणून पुढे रेटलंत, तर आठवड्याची मेहनत पाण्यात. हे सगळ्यात अवघड आहे, कुत्र्यासाठी नव्हे, आपल्यासाठी.

प्रत्यक्ष कापताना

एक नख. एका दिवशी एकच, आणि तेही टोकापुरतं. शिबाची नखं बहुधा काळी असतात, त्यामुळे जिव्हाळी बाहेरून दिसत नाही. कागदाच्या जाडीएवढा काप घ्या आणि कापलेल्या तोंडाकडे उजेडात बघा. सुरुवातीला ते कोरडं, भुरकट पांढरं दिसतं. आणखी एक-दोन काप घेतले की मधोमध एक गडद, ओलसर, तुकतुकीत ठिपका दिसायला लागतो. तो दिसला की थांबायचं, जिव्हाळी त्याच्या लगेच मागे आहे. नखाच्या टोकाला खालून पाहिलं तर पन्हळीसारखी खाच असते. तिथवरचा भाग पोकळ, तो बिनधास्त कापता येतो.

रक्त आलंच तर आरडाओरडा करू नका. रक्त थांबवायची पूड चिमूटभर दाबून धरा. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर. दर दहा सेकंदांनी उचलून बघितलं तर गुठळी धरत नाही. दाबून ठेवूनही पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर पुढचे काही दिवस कात्री बाहेर काढू नका, नुसता हात आणि खाऊ.

काही शिबा कात्रीशी कधीच जुळवून घेत नाहीत. त्यांच्यासाठी घासायची फळी करून बघा: रुंद लाकडी फळीवर ८० नंबरच्या आसपासचा पॉलिशपेपर चिकटवायचा, फळी तिरकी धरायची आणि कुत्र्याला पुढच्या पंजाने ती खरवडायला शिकवायचं. पंजा फळीला लागला की खाऊ. शिबाला हा खेळ आवडतो, कारण तो स्वतः करतो, त्याला कोणी काही करत नाही. मधली नखं छान घासली जातात, कडेची कमी, आतल्या बाजूची मुळीच नाहीत. मागच्या पायांना शिकवणं बरंच कटकटीचं. गाद्या घासल्या जात नाहीत ना, एवढं मात्र दर वेळी बघा.

ब्रश आणि आंघोळ

क्रम तोच, म्हणून थोडक्यात. शिबाचे केस दुहेरी असतात: वर ताठ, खाली मऊ दाट लोकर. वर्षातून साधारण दोनदा ही लोकर गठ्ठ्यांनी सुटते, दोन-तीन आठवडे घरभर केसच केस होतात आणि रोज ब्रश करावा लागतो. एरवी महिनोन् महिने ब्रशला हात न लावता नेमका या दिवसांत अर्धा तास खरवडायला बसलं तर किंकाळी येणारच. वर्षभर दोन दिवसांआड दोन मिनिटं फणी फिरवली तर हा प्रश्नच येत नाही. मांडीच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी लोकर जास्त, आणि शिबा चिडतोही तिथेच. सुरुवात पाठीपासून करा.

केस झडतात म्हणून मशीन फिरवून भादरू नका. दुहेरी केसांचा थर ऊन आणि थंडी दोन्हीपासून जपतो, आणि भादरलेले केस परत येताना कधी कधी ठिगळं ठिगळं येतात. आंघोळ आधी ब्रश करून, क्वचितच. शिबाला फारसा वास येत नाही. धुतल्यावर आतली लोकर ओली राहिली तर कातडीला चट्टे उठतात, म्हणून मुळापर्यंत वाळवा.

सुधारून पुन्हा बिघडलं तर

हे होतंच. बहुतेक वेळा मधे खंड पडलेला असतो, किंवा घरात दुसऱ्या कोणीतरी "मी धरतो, तू काप" केलेलं असतं. दोन पायऱ्या मागे या, पहिल्यापासून नको. ज्या ठिकाणी शेपूट सैल पडत नाही तिथून परत चढा.

खाऊ घेतो पण किंचाळतोही: तुम्ही फार पुढच्या पायरीवर आहात. खाऊच घेत नाही: एक तर तो फार घाबरलाय, किंवा पोट भरलंय. जेवणाआधी करून बघा. तरीही नको म्हणाला तर कात्री खोलीबाहेर ठेवून या.

फक्त एका माणसापाशी किंचाळतो: त्या माणसाने काही आठवडे पायाला हातच लावू नये. खाऊ त्याने द्यावा, फिरायला त्याने न्यावं, नखांचं काम दुसऱ्याने करावं.

दात लावतो: आता हे घरगुती काम राहिलेलं नाही. वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला दाखवा, आणि दरम्यान जाळीच्या टोपलीसारख्या मझलची (चावू नये म्हणून तोंडाला बांधतात त्या मुसक्याची) सवय लावा, तीही अशीच खाऊ देत, दिवसादिवसाने. त्यातून त्याला धापता येतं, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो. तोंड आवळून बांधणारा कापडी मझल दोन-चार मिनिटांपलीकडे नको, कारण त्यात कुत्र्याला तोंड उघडून अंग गार करता येत नाही.

गुरगुरला म्हणून मात्र कधीही रागावू नका. गुरगुरणं बंद पडलेला शिबा पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

घरी शांत, दवाखान्यात किंचाळी: घरची चटई सोबत न्या आणि मधून मधून नुसतं वजन करायला जा, काट्यावर उभा राहिला की खाऊ देऊन परत या. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना जमिनीवरच तपासायची विनंती करा. बरेच डॉक्टर आनंदाने खाली बसतात.